मोजणी बरोबर आहे

१

सव्वीस माणसं परदेशात फिरवायची तर पहिल्याच दिवशी त्यांची नावं बाजूला ठेवावी लागतात. विमानतळावर मी प्रत्येकाला एक नंबर देते आणि सांगते, पुढचे अकरा दिवस हेच तुमचं नाव. नवरा-बायकोला लागोपाठचे नंबर, सासू-सुनेला शक्यतो लांबलांबचे. बस सुटण्याआधी मी पुढे उभी राहून "हं!" म्हणते आणि माणसं आपापला आकडा ओरडतात. सव्वीस ऐकू आला की मी ड्रायव्हरला अंगठा दाखवते.

बाकीचे टूर मॅनेजर सीटांमधून फिरत डोकी मोजतात. मला ते कधी पटलं नाही. कुणी खाली वाकून बूट शोधत असतं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडलेलं असतं, आणि मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी कानाने मोजते. डोळे तेवढ्यात उद्याची तिकिटं तपासत असतात. तिसऱ्या दिवसापर्यंत मला सगळे आवाज पाठ होतात. सात नंबरचे काका आकडा असा सांगायचे जणू कोर्टात साक्ष देताहेत.

चौदा नंबर म्हणजे थोरल्या काकू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ट्रंक कॉल जोडून निवृत्त झालेल्या, बिनलग्नाच्या. पंधरा नंबर म्हणजे धाकट्या काकू, त्यांची सख्खी बहीण, विधवा. दोघी एकाच घरात राहायच्या आणि तिथलं भांडण बॅगेत भरून बरोबर घेऊन आल्या होत्या. थोरल्या काकूंनी नुसता आकडा कधी सांगितला नाही. "चौदा, आणि तो एसी कमी करा!" "चौदा, आणि आज तरी चहा गरम मिळेल ना?" "चौदा, आणि ह्या बाईनं माझा चष्मा कुठं ठेवलाय ते विचारा!" ही बाई म्हणजे पंधरा नंबर. चौथ्या दिवसापासून मागच्या सीटवरची मंडळी चौदा आला की एका सुरात "आणि?" म्हणायला लागली.

काकूंनी माझ्या डोक्याला ताप दिला, खोटं कशाला बोलू. हॉटेलच्या उशीपासून बसच्या पायरीपर्यंत एकही गोष्ट त्यांच्या तावडीतून सुटली नाही. तरी मोजणीत चौदा आला की मी तिकिटांतून मान वर करायचे, आज काय निघतंय ते बघायला.

२

नवव्या दिवशी ते म्युझियम होतं. मी दरवर्षी ग्रुप घेऊन तिथे जाते, हे माझं अकरावं वर्ष.

ज्या व्यापाऱ्याने ते उभारलं त्याला आयुष्यात कुठल्याच वस्तूला नाही म्हणता आलं नसावं. दोन मजले, बेचाळीस दालनं. मोठमोठी तैलचित्रं आणि त्यांच्याखाली तलवारी. पुढच्या दालनात हजारभर कुलपं, त्यापुढे पक्ष्यांची अंडी, नाकं झिजलेले लाकडी संत, दातांच्या डॉक्टरची लोखंडी खुर्ची, काचेचे डोळे, बाहुल्या. एक अख्खं दालन नुसत्या पलंगांचं आहे. तेवीस पलंग, प्रत्येकाला छत आणि पडदे, आणि समोर लाल दोरी.

मधोमध एक गोल दालन आहे. वर उंच घुमट, भोवती आठ दारं, आत वस्तू एकही नाही. बाहेर पडण्याआधीची मोजणी मी तिथेच घेते. बाहेर वारा असतो, रहदारी असते, बसला दोन मिनिटांच्या वर थांबू देत नाहीत. आत आवाज छान घुमतो आणि लोकांना त्याची गंमत वाटते.

पावणेएकला मी "हं!" म्हटलं. एक गेला आणि घुमटातून एक परत आला. दोन गेला, दोन परत आला. लोक खूश झाले, जास्तच जोरात ओरडायला लागले.

"चौदा, आणि एवढे मेले पलंग मांडलेत, पण म्हाताऱ्या माणसाला टेकायला एक स्टूल नाही!"

सगळे हसले. हसणं ओसरायच्या आत घुमटातून परत आलं, "चौदा."

तेवढंच.

मला तेव्हाच खटकलं. घुमट वाक्याचं शेपूट परत देतो, डोकं नाही. परत यायला हवं होतं ते स्टूल. पण पुढचे आकडे आले, सव्वीसही झाला, आणि बस दारात लागल्याचा ड्रायव्हरचा फोन आला. मी हातातली झेंडी वर केली.

थोरल्या काकू हलल्या नव्हत्या. पलंगांच्या दालनाच्या दाराकडे कान देऊन उभ्या होत्या.

"आतून कुणीतरी नंबर मागतंय गं," त्या मला म्हणाल्या.

"घुमट आहे तो काकू. चला, बस थांबणार नाही."

"बत्तीस वर्षं हेच केलंय मी. कुणी नंबर मागितला की मला कळतं."

"चला हो," असं म्हणून मी पुढे झाले. मागे वळून पाहिलं नाही.

३

बाहेर पाऊस भुरभुरत होता. बसमध्ये छत्र्या झटकणं, रुमालाने चष्मे पुसणं, खाऊच्या पिशव्या उघडणं चाललं होतं. मी दुसरी मोजणी घेतली.

"तेरा."

"चौदा."

"आणि?" मागची सीट ओरडली.

"पंधरा," धाकट्या काकू म्हणाल्या.

मी मान वर केली. दोघी त्यांच्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला चौथ्या रांगेत होत्या. थोरल्या काकूंच्या अंगात त्यांचा राखी स्वेटर होता, मांडीवर त्यांची पर्स होती, पर्सवर दोन्ही हात. माझ्याकडे बघून त्या हसल्या. मोजणी सव्वीसवर संपली आणि मी ड्रायव्हरला अंगठा दाखवला.

बस वळल्यावर मला कळलं काय वेगळं आहे ते. खिडकीशी धाकट्या काकू बसल्या होत्या. आठ दिवसांत खिडकी त्यांच्या वाट्याला एकदाही आली नव्हती.

मी स्वतःला समजावलं. माणूस दमतो. त्र्याहत्तर वर्षांची बाई बेचाळीस दालनं चालली, गप्प बसणारच. मी पाण्याच्या बाटल्या वाटायच्या निमित्ताने मागे गेले. पॅसेजच्या रबरी मॅटवर सगळ्यांच्या ओल्या बुटांचे ठसे होते, दारापासून प्रत्येक सीटपर्यंत चिखलाची रांग लागली होती. थोरल्या काकूंच्या पायांशी मॅट कोरडी होती. बूटही कोरडे होते. स्वेटरवर पावसाचा एक थेंब नव्हता.

"काकू, बरं वाटतंय ना?"

त्यांनी मान डोलावली. मी बाटली दिली, त्यांनी घेतली. बाटली गार आहे की कोमट, ह्याची चौकशी झाली नाही. मी पुढे येऊन सीटवर बसले.

जेवणाच्या हॉलमध्ये मी त्यांच्यासमोरची खुर्ची धरली. ताटात जे पडेल ते त्या खात होत्या. एका लयीत चावत होत्या, डाळीलाही तेवढंच आणि भातालाही तेवढंच.

"आज तोफ थंड का?" सात नंबरच्या काकांनी विचारलं आणि टेबल हसलं. थोरल्या काकूही हसल्या, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

४

मी भित्री नाही आणि वेडीही नाही. शंका आली की तपासायची, एवढंच मला कळतं. सव्वातीनला, पानं उचलली गेल्यावर, मी टाळी वाजवली.

"आज गंमत करू. उलटं मोजायचं. सव्वीसपासून खाली या."

लोकांना खेळ आवडतो. सव्वीस, पंचवीस, चोवीस. मधे एक-दोघं अडखळले, त्यांची चेष्टा झाली. सतरा, सोळा. धाकट्या काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "पंधरा."

मग कुणीच बोलेना. मी तिकिटांकडे बघत नव्हते, थोरल्या काकूंच्या तोंडाकडे बघत होते. त्या शांत बसल्या होत्या, आपली पाळी अजून यायचीय अशा.

"अहो, चौदा!" कुणीतरी म्हणालं. "झोपल्या वाटतं. बरं, मी म्हणतो, तेरा."

"चौदा," थोरल्या काकू म्हणाल्या.

आवाज त्यांचाच होता. म्युझियममध्ये घुमटातून आला होता तो, त्याच पट्टीतला, तेवढाच लांब.

सगळे खो खो हसले. धाकट्या काकू हसल्या नाहीत. त्या उठून हात धुवायला गेल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गेले. नळ सोडून त्या नुसत्याच उभ्या होत्या.

"तुम्हाला कळलंय," मी म्हटलं.

"म्युझियममधून निघताना तिचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता," त्या म्हणाल्या. "ताई चष्म्याशिवाय एक पायरी उतरत नाही. माझा खांदा धरते आणि मलाच शिव्या घालते. ही धडाधड उतरली."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नळ बंद केला. "मी जन्मल्यापासून ती माझ्या डोक्यावर बसलीय. काय घालू, काय खाऊ, कुठल्या कुशीवर झोपू. हे गेले तेव्हा किती रडायचं ते पण तिनंच ठरवलं. आज मी खिडकीशी बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही. वाटलं, संध्याकाळपर्यंत राहू दे. फक्त संध्याकाळपर्यंत. मग सांगते."

मला राग आवरेना. "म्युझियम पाचला बंद होतं आणि उद्या सकाळी आपण पुढच्या शहरात असू. तुमची सख्खी बहीण आहे ती."

धाकट्या काकूंचा चेहरा पडला, आणि मग त्या भडाभडा रडल्या. "मला ती हवीय हो. एवढी छळते, तरी हवीय. त्या बाईशेजारी बसले तर तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा येत नाही." पर्समधून चष्म्याची डबी काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली. "जा तुम्ही. मी बसते तिच्याजवळ. तिला एकटं सोडलं आणि ती उठून कुठं गेली तर?"

ते मलाही पटलं. ग्रुपला सहा वाजेपर्यंत खरेदीची सुट्टी दिली, झेंडी सात नंबरच्या काकांकडे दिली आणि चालत निघाले. माझी माणसं मी मोजून आणते आणि मोजून परत नेते. त्यात एक जरी कमी असेल तर बाकीच्या पंचवीस जणांना काय अर्थ आहे, असं चालताना मनाशी म्हणत होते.

५

दारावरचा रखवालदार मला ओळखतो. त्याच्या हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीचं यंत्र असतं. मी सांगितलं, माझं एक माणूस आत राहिलंय.

त्याने वही काढली आणि आमच्या ग्रुपच्या ओळीवर बोट ठेवलं. मला धरून सत्तावीस आत, सत्तावीस बाहेर. "तुमचा ग्रुप सगळ्यांत शिस्तीचा," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत एकदाही फरक पडला नाही."

"मोजणी बरोबर आहे," मी म्हटलं. "माणूस चुकलंय."

त्याला ते समजलं नाही. मला तरी कुठे नीट समजलं होतं? पण मी दारातून हलेना, तेव्हा त्याने घड्याळाकडे बोट केलं. पाऊण तास होता.

आत माणसं तुरळक होती, तीही बाहेर निघालेली. कुलपांच्या दालनात उन्हाची एक तिरीप आली होती. अंड्यांच्या दालनात माझ्या बुटांनी फळ्या करकरल्या आणि मी थांबल्यावरही एक फळी करकरली. पलंगांच्या दालनात कुणी नव्हतं. दोरीच्या कडेकडेने मी तेवीसही पलंग बघितले. अकरा पलंगांचे पडदे ओढलेले होते. सकाळी ते कसे होते, मला आठवेना. लक्षच दिलं नव्हतं.

"काकू!" मी हाक मारली. "थोरल्या काकू!"

काही नाही. मी दातांच्या खुर्चीपर्यंत गेले, बाहुल्यांपर्यंत गेले, वरच्या मजल्यावर जाऊन आले. प्रत्येक दालनात हाक मारली आणि प्रत्येक दालनात मला जास्त जास्त वेड्यासारखं वाटत गेलं. थोरल्या काकू जेवणाच्या हॉलमध्ये आहेत. पंचवीस माणसांनी त्यांना पाहिलंय. एक कोरडा बूट आणि एक चुकलेला आकडा, एवढ्यावर मी परक्या देशात दार अडवून भांडले. घरी मुलाने असं काही सांगितलं असतं तर मी त्याला ताप आहे का बघितलं असतं.

साडेचारच्या पुढे मी पुन्हा गोल दालनात आले आणि तिथे माझ्या लक्षात आलं. नऊ दिवस मी ह्या बाईला नावाने हाक मारलेली नाही, आणि काकू तर इथे येणारी प्रत्येक म्हातारी कुणाची तरी असते. तिला इथे धरून ठेवलं ते नंबराने. ती ओ देईल तीही नंबरालाच.

मला तिथे मोजायचं नव्हतं. ह्याच जागी दुपारी मी एकेकाचा आकडा ह्या घुमटाला देऊन टाकला होता, आवाज छान घुमतो म्हणून. पण दुसरा उपाय नव्हता. मी हातातली डबी घट्ट धरली.

"हं!" मी म्हटलं. घुमटातून हं परत आला.

सगळे आकडे नकोत. मी फक्त आधीचा एक दिला. "तेरा."

तेरा परत आला नाही. घुमट गप्प होता. मग पलंगांच्या दालनातून, ओढलेल्या पडद्यांमागून कुठूनतरी, चिडलेला आवाज आला.

"चौदा, आणि किती वेळ लावलास गं! इथं माणूस मेलं तरी कळायचं नाही कुणाला!"

माझा जीव भांड्यात पडला. मी रडतेय की हसतेय ते मलाच कळेना. दोरी ओलांडून मी आवाजाच्या दिशेने धावले.

६

तिसऱ्या रांगेतल्या पलंगाच्या पडद्याखालून दोन पाय लोंबकळत होते. बूट थोरल्या काकूंचेच. पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि चाचपडायला लागला. मी त्यात डबी ठेवली. आतून डबी उघडल्याचा आवाज आला.

"अजून थोडा वेळ गेला असता ना," थोरल्या काकू पडद्याआडून म्हणाल्या, "तर मी काय सांगणार होते तेच विसरले असते. नुसता आकडा राहत चालला होता तोंडात. ती कुठाय? रडली का?"

"रडल्या. चला, हात द्या."

मी हात धरला. बर्फासारखा गार होता. मी ओढणार, इतक्यात कुलपांच्या दालनातून कुणीतरी घसा खाकरला.

"एकवीस."

एकवीस नंबरच्या बाई तर माझ्या डोळ्यांदेखत खरेदीला गेल्या होत्या. हा पुरुषाचा आवाज होता. आणि मी तो ओळखला. सहा वर्षांपूर्वीचे जमीनमोजणी खात्यातले काका. आकड्याआधी खाकरल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. घरी परतल्यावर त्यांच्या सुनेने मुद्दाम फोन करून माझे आभार मानले होते. बाबा किती शांत झालेत हो, म्हणाली होती, ट्रिप चांगलीच मानवली.

"नऊ, नऊ, नऊ!" वरच्या मजल्यावरून आलं. हीही मला पाठ होती. आपण कुठेतरी मागे राहून जाऊ अशी धास्ती असलेली एक बाई होती, म्हणून आकडा तीनदा ओरडायची. कुठल्या वर्षीची ते आठवेना. परतीच्या विमानात ती गाढ झोपली होती आणि मला बरं वाटलं होतं.

"पाच," अंड्यांच्या दालनातून. "अठरा," बाहुल्यांकडून, कुणीतरी हळू आवाजात. हाताच्या अंतरावरच्या पलंगाचा पडदा हलला, पण आतून आकडा आला नाही. कुणीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे नुसते ओठ वाजले.

माझी अकरा वर्षं होती ती. दरवर्षी सव्वीस बरोबर आले होते. थोरल्या काकू सोडल्या तर मी एकदाही तिकिटांतून मान वर करून चेहरे बघितले नव्हते.

बाहेर रखवालदाराने बंद होण्याची पहिली घंटा दिली. दहा मिनिटं. एका माणसाला हाताला धरून दारापर्यंत न्यायला ती पुरली असती.

थोरल्या काकूंनी माझं मनगट घट्ट पकडलं. "पोरी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला, "हे बाकीचे कुणाचे गं?"

"माझे," मी म्हटलं. "तुम्ही माझा हात सोडू नका."

मी त्यांना पलंगावरून उतरवलं, मोकळ्या हाताने पर्समधून पेन काढलं, त्यांच्याच स्वेटरच्या बाहीवर मोजणीची पहिली रेघ ओढली आणि गोल दालनाच्या दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं, "जागेवरून कुणी हलायचं नाही. मी सगळ्यांना घ्यायला येतेय. हं!"